सातव्या पानावरची तुटलेली चौकट

काका, तुमच्या तेरवीचं पत्र दोन पानांवर आलं.

पहिल्या पानावर तुमचा फोटो, नाव, वार, जेवणाची वेळ, खाली सगळ्या भावकीची नावं. आणि दुसऱ्या आख्ख्या कोऱ्या पानाच्या टोकावर एकच ओळ: 'हीच विनंती'. मजकूर मी एका वेबसाईटवरच्या तयार नमुन्यात भरला होता. स्क्रीनवर सुरेख दिसत होता, म्हणून पुढचं न बघता छापायला सोडला. घरी काकूंचं रडणं चालू, अंगणात माणसं बसलेली, आणि मी इथं दुकानात प्रिंटरसमोर तो एका ओळीचा कागद हातात धरून तुमच्यावर चिडले. कारण तुमचा आवाज लगेच कानात आला. "एका ओळीपायी आख्खा कागद? जरा तरी पाह्यत जाय वं, अर्चे!" गेलेल्या माणसानं निदान तेरा दिवस तरी बोलू नये.

मग बसले पुन्हा. समास कमी केला, अक्षर थोडं लहान केलं, ती ओळ वर ओढली, छापलं. त्याची झेरॉक्स काढली. झेरॉक्सची झेरॉक्स काढली. तिचीही काढली. तुमचा गजू दारात गाडी चालू ठेवून उभा. "ताई, गावोगाव वाटाले जायचं हाय, तू काय पाहून राह्यली?" म्हटलं, थांब जरा, तुया बापाची परीक्षा चालू हाय. तिसऱ्या झेरॉक्सवर तुमचा चेहरा काळा ठिपका झाला होता, पण वार आणि वेळ स्वच्छ वाचता येत होती. पास.

ही तिसऱ्या झेरॉक्सची परीक्षा तुमचीच. मोताळ्याला माझ्या ऑनलाईन सेंटरमध्ये छापलेला कागद खेड्यातल्या शेवटच्या घरी पोचेपर्यंत तीनदा झेरॉक्स होतो, असं तुमचं म्हणणं. एक प्रत भावाकडे, तिची प्रत जावयाकडे, त्याची प्रत जावयाच्या मामाकडे. "त्या शेवटच्या माणसाले वाचता आलं तं छापलं म्हणा. नाई तं नुसता कागद काळा केला." मी वेबसाईटवर हौसेनं वापरलेला फिकट राखाडी रंग तुम्ही तिसऱ्या झेरॉक्सपर्यंत नेऊन पार नाहीसा करून दाखवायचात, आणि तो कोरा कागद माझ्या कीबोर्डवर ठेवून चहाला निघून जायचात. किती राग यायचा मला, सांगू? चहा प्यायचा तर बोलून जा, भांडून जा. नाही. कागद ठेवायचा आणि जायचं.

तुम्ही खिळ्यांच्या छापखान्यातले कंपोझिटर. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून, मजकूर उलटा वाचत आयुष्य काढलेलं. छापखाना बंद पडला आणि तुम्ही माझ्या दुकानात यायला लागलात, 'नुसता बसतो' म्हणून. नुसतं बसणं तुम्हाला जन्मात जमलं नाही. मी लोकांच्या वेबसाईट बनवायची, कृषी केंद्राची, मंगल कार्यालयाची, एखाद्या शाळेची, आणि तुम्ही प्रत्येक पान छापून मागायचात. "मले ते काचातलं नको दाखवू. कागदावर दाखव." काचेत नटूनथटून बसलेलं पान कागदावर आलं की त्याची काय दशा होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ती बघायची नव्हती.

बघायला लावलीत. मंगल कार्यालयाचं पान छापलं तर वरची गडद निळी पट्टी अर्धी शाई पिऊन गेली, आणि प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा आली, दरवेळी मजकुराच्या दोन ओळी पोटाखाली घेऊन. 'मुख्यपृष्ठ', 'आमच्याविषयी', 'संपर्क' असे शब्द कागदाच्या कडेला उगाच उभे. तुम्ही विचारलंत, हे काय हाय? म्हटलं, यावर दाबलं की दुसरं पान उघडतं. तुम्ही कागदावर बोट दाबलंत. चांगलं जोरात दाबलंत. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "नाई उघडत." कृषी केंद्राच्या पानावर 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' होतं, त्यावर तर तुम्ही दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट ठेवायला लावलंत. आणि तो खालच्या कोपऱ्यातला 'वर जा'चा गोल बाण? तो नेमका मंगल कार्यालयाच्या फोन नंबरावर छापला गेला. "नंबर खाऊन बसला हा," म्हणालात. "लोक आता फोन कोनाले करतीन, बाणाले?"

सगळं दुकान हसलं. मला मात्र संताप आला, कारण मी मेहनतीनं केलेलं पान होतं ते. मी म्हणायची, काका, लोक मोबाईलवर बघतात सगळं. तुमचं ठरलेलं उत्तर: "मोबाईल पोराच्या खिशात असते. हो-नाई म्हणणारी म्हातारी सैपाकघरात बसली असते. तिच्या हातात काय देशीन?" यावर मी आवाज चढवायची.

समाजाच्या वधू-वर सूचीचं काम माझ्याकडे आलं तेही तुमच्यामुळेच. इतकी वर्षं ती पुस्तिका तुम्ही छापून घेतलेली. शेवटच्या पानावर 'छपाई व शुद्धता' असं लिहून पुढे तुमचं नाव यायचं. 'शुद्धता' हा शब्द तुम्हीच घालून घेतला होता. काकू त्यावरून तुम्हाला चिडवायच्या, सोवळं नेसून छापता का म्हणून. मग समितीनं ठरवलं की आता वेबसाईट पाहिजे. दुसरा कोणी रुसला असता. तुम्ही म्हणालात, माह्या पुतणीले द्या. आणि मी सुंदर पान केलं. खरंच सुंदर होतं हो. प्रत्येक मुलामुलीची एक चौकट, वर फोटो, खाली नाव, जन्म, शिक्षण, उंची, शेती, अपेक्षा. आधी लग्न झालेलं असेल तर तेवढी एक ओळ शेवटी. नसेल तर ती ओळ मी दाखवतच नव्हते, जागा वाचावी म्हणून. तळाशी तुमचं नाव मी आठवणीनं ठेवलं होतं, शुद्धतेसकट.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याला आठ दिवस असताना तुम्ही ती सूची छापून बघितलीत. "अर्चे, चौकट तुटून राह्यली." कागद जिथं संपेल तिथं चौकट मधूनच कापली जात होती, फोटो आणि अर्धी माहिती एका पानावर, उरलेल्या दोन ओळी पुढच्या पानाच्या डोक्यावर. काका, ते एका ओळीचं काम होतं. छापताना ही चौकट तोडू नको, जागा नसेल तर सगळीच्या सगळी पुढच्या पानावर ने, एवढंच वेबपानाला सांगणारी एक ओळ. मला ती पाठ होती. तुम्ही सकाळी सांगितलंत, दुपारी सांगितलंत, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा मी गिऱ्हाइकांदेखत खेकसले. "तुटू द्या ना, काका! छापते कोण आता? तुमचा छापखाना बंद पडला त्याले मी काय करू?"

तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात आणि चहाला गेलात. या वेळी कागद ठेवून गेला नाहीत. ते भांडण तिथंच राहिलं. पुढं कधी तुम्हीही काढलं नाही आणि मीही.

छापलं कोणी? सगळ्यांनी! मेळाव्यात मांडवाबाहेर टेबलावर प्रिंटर ठेवला होता आणि त्यापुढची रांग हटत नव्हती. बरं, सगळी यादी कोण नेणार? जे स्थळ डोळ्यात भरलं तेवढं पान. एक कागद, चार घड्या, सदऱ्याचा खिसा. मग तो घरी जातो, आजी बघते, आत्या बघते, थोरले काका देवापुढे ठेवतात, आणि झेरॉक्स होऊन मामाकडे रवाना होतो. हे सगळं तुम्ही मला शंभरदा सांगून झालं होतं.

धामणगाव बढ्याची वर्षा सातव्या पानावर पहिली होती. सहाव्या पानाच्या शेवटी तिच्या आधीच्या मुलीची चौकट तुटली आणि त्या मुलीच्या उरलेल्या ओळी सातव्या पानाच्या डोक्यावर, वर्षाच्या फोटोच्या बरोबर वर जाऊन बसल्या. 'वैवाहिक स्थिती: घटस्फोटित.' दोन्ही पानं हातात असती तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. ज्यानं सातवं पान तेवढं नेलं, त्याच्यासाठी ती ओळ वर्षाचीच होती.

ज्यांनी नेलं त्यांच्या मुलाचं पहिलं लग्न मोडलेलं होतं. म्हणून तर त्यांनी मुद्दाम तेच पान उचललं. ते बघायला गेले, घर भरलेलं, शेजारपाजारच्या बायका जमलेल्या, आणि मुलाच्या आत्यानं वर्षाला जवळ बसवून विचारलं, "पहिल्या घरून काऊन आली वं, माय? लय त्रास होता काय?" अगदी मायेनं विचारलं, हेच सगळ्यात वाईट. वर्षा चहाचा ट्रे तिथंच ठेवून आत गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की या पोरीचं एक लग्न घरच्यांनी लपवून ठेवलंय. खरं काय ते सांगत फिरायला तिच्या वडिलांना कित्येक महिने लागले आणि काही लोकांना ते अजूनही पटलेलं नाही.

त्या बघण्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्षाचे वडील दुकानात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सातवं पान टेबलावर ठेवलं, त्याच्या घड्या हातानं सरळ केल्या आणि म्हणाले, "हे कोणं केलं, तेवढं सांगा." मी तोंड उघडत होते. खरंच उघडत होते का, हे आता मला नक्की सांगता येत नाही. तेवढ्यात तुम्ही पुढं झालात, कागद उचलून हात लांब करून बघितलात आणि म्हणालात, "माह्या हातची चूक हाय, भाऊ. छपाई म्या पाह्यली होती. पोरीचा काई संबंध नाई." आणि हात जोडलेत.

कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी विचारते, काका, कोणी सांगितलं होतं? सगळ्या समाजात ती चूक ज्यानं आधी ओळखली असा एकच माणूस होता, आणि नेमका तोच पुढं होऊन ती अंगावर घेतो! वर मला म्हणता, "बिस्किटं आण त्यायच्यासाठी." मी आणली. बिस्किटं आणणं तेवढं मला जमलं.

मग तुम्ही एसटीनं एकटे धामणगावला गेलात आणि वर्षाच्या घरी सगळ्यांसमोर माफी मागून आलात. मीही येते म्हटलं होतं. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तुम्ही कदाचित हो म्हणाला असतात, ही भीती होती.

ती ओळ मी त्याच संध्याकाळी लिहिली. चार मिनिटं लागली. मग बाकीचंही केलं. आता माझ्या पानांचा कागदावर मेनू येत नाही, निळी पट्टी येत नाही, बाण येत नाही. अक्षर काळंभोर येतं, जिथं 'क्लिक करा' असेल तिथं पुढं पूर्ण पत्ता छापून येतो, आणि कोणाचीही चौकट तुटत नाही. पार मेहकर, हिवरा आश्रमाकडून लोक काम घेऊन येतात. म्हणतात, मॅडम, छापल्यावर तुमच्यासारखं स्वच्छ कोणाचंच येत नाही. तुम्ही समोर बसून ते ऐकायचात आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचात, "शिकली बाप्पा!" भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं मला. ज्याचं नाव जाऊन मी शिकले, तोच शाबासकी देतोय.

आणि नाव गेलंच. पुढच्या वर्षी समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. "वेबसाईटवरून काकायचं नाव काढून टाक. डोळे गेले त्यायचे आता. म्हातारा माणूस हाय, त्याले वाईट वाटेन असं काई बोलू नको." मी 'हाव' म्हटलं आणि 'छपाई व शुद्धता' ही ओळ स्वतःच्या हातानं पुसली. डोळे म्हणे गेले! रोज सकाळी पेपर उघडून पहिल्या पानावरची चूक मला बोट ठेवून दाखवणारा माणूस तो.

त्या वर्षी मेळाव्याला तुम्ही आला नाहीत. संध्याकाळी मी छापलेली सूची घेऊन घरी आले. तुम्ही प्रत्येक पान उलटं धरून बघितलंत. उलटं धरलं की शब्द गप बसतात आणि फक्त जागा दिसते, असं तुम्ही मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मीही आता तसंच बघते, गिऱ्हाईक मला वेडी समजतात. सगळी पानं झाल्यावर म्हणालात, "साफ हाय." तुमच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. काका, त्या दोन शब्दांसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे, आणि त्याच दोन शब्दांनी माझी दोन रात्री झोप गेली. शेवटचं पान तुम्ही जरा जास्त वेळ धरलं होतं. की मलाच तसं वाटलं?

तेव्हाच मी म्हटलं होतं, "काका, मी सांगून टाकतो समितीले." तुम्ही म्हणालात, "गप राह्य. तुले धंदा करायचा हाय अजून. मले कोणतं पुस्तक छापायचं हाय आता?" आणि मी गप राहिले. किती पटकन राहिले! समासाच्या एका बोटासाठी मी तुमच्याशी दुपारभर भांडायची. या एकाच बाबतीत तुमचं पहिल्या वाक्याला ऐकलं.

परवा तेरवी झाली. जेवणाआधी चार जण बोलले. शेवटी अध्यक्ष उठले. म्हणाले, माणूस सोन्यासारखा, उतारवयात एक चूक झाली त्यायच्या हातून, पण समाजानं मोठ्या मनानं ते पोटात घातली. लोकांनी माना हलवल्या. काकूंनीही हलवली, आणि ते बघून माझं डोकं सटकलं. म्हणजे तुम्ही काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं! स्वतःच्या बायकोला! दोन वर्षं त्या बाईनं नवऱ्याची चूक म्हणून खाली मान घातली आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून निवांत भाकर खाल्लीत?

मी उभी राहिले. मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. "ते चूक काकायची नव्हती," म्हटलं. "माही होती. त्यायनं मले तीनदा सांगतलं का चौकट तुटून राह्यली. म्या नाई आयकलं. अन् मंग त्यायनं माही चूक सोताच्या नावावर घेतली." काकू माझ्याकडे बघत राहिल्या. अध्यक्ष एकदा खाकरले आणि म्हणाले, "बरं बरं. होते असं. चला, पंगत बसवा." आणि पंगत बसली! दोन वर्षं मी ज्याला घाबरले ते एवढंच होतं, काका. एक मिनिट लागलं, आणि लोक वरणाकडे वळले.

वर्षा नाही वळली. ती वडिलांबरोबर आली होती. तुम्ही माफी मागून आल्यानंतरही वर्षातून दोनदा त्यांच्या घरी जाऊन बसायचात, हे मला तिच्याकडूनच कळलं. आणखी काय काय लपवलंत, एकदाच सांगून टाकायचं होतं. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता ती मोताळ्याला एका शाळेत शिकवते, लग्नासाठी स्थळं बघणं तिनं घरच्यांना बंद करायला लावलंय. आवाज न चढवता म्हणाली, "मंग त्या दिवशी काऊन नाई बोलली?"

"काकायनं बोलू नाई देल्लं," मी म्हटलं.

तोंडातून निघालं आणि माझी मीच चपापले. भर मांडवात कबुली देऊन पाच मिनिटं झाली नव्हती, आणि मी पुन्हा तुमच्यावर ढकलून मोकळी झाले होते. वर्षा हलली नाही. तिला खरं उत्तर पाहिजे होतं, आणि तिचा तो हक्क होता.

"नाई," मी म्हटलं. "त्यायनं आंगावर घेतलं अन् मले बरं वाटलं. म्हणून नाई बोलली."

तिनं मान हलवली. माफ केलं की नाही ते काही तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि तिनं ते कळवावं अशी माझी लायकीही नाही. ती काकूंजवळ गेली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि जेवायला घेऊन गेली.

तिला सांगितलं, काका, पण सांगायचं होतं ते तुम्हाला. तुम्ही हात जोडलेत तेव्हा तुमच्या पाठीमागे उभी राहून मी सुटकेचा एक लांब श्वास सोडला होता. दुकान एवढंसं, दोन हातांचं अंतर. तो तुम्हाला ऐकू आला होता. म्हणूनच तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत.